मुंगीची साक्ष

मुंगी बुडाली आणि माळावर जमलेल्या बायकांच्या तोंडून एकच 'अगं बाई' बाहेर पडलं.

वारुळाच्या पुढ्यात पाटावर दोन पितळी वाट्या होत्या. एका वाटीत सरपंचांच्या सुनेचं दूध, दुसरीत आमच्या अंकिताचं. पहिल्या वाटीतली काळी मुंगी दुधावर तरंगत, पाय मारत काठाकडे निघाली होती. अंकिताच्या वाटीतली सोडल्या सोडल्या तळाला गेली. पुढच्या रांगेतल्या बायकांनी मोबाईल वर धरले होते. त्यांना बुडालेली मुंगी नीट दिसावी म्हणून वारुळाची पूजा करणाऱ्या मनुआक्काच्या जावयाने, पप्पूने, वाटी उन्हात धरून गोल फिरवली.

"मुंगी खोटं बोलत न्हाई," मनुआक्का म्हणाली. कपाळभर मळवट, गळ्यात कवड्यांची माळ आणि मनगटावर स्मार्टवॉच असा तिचा थाट होता. "डागदर खोटं बोलंल, मशीन खोटं बोलंल. मुंगीला कुनाचं मत मागायचं हाय का पगार घ्यायचाय? ती दुधात जहर हाय का न्हाई तेवढंच सांगती."

मग तिने अंकिताच्या सासूला, हरणाबाईंना, पुढे बोलावलं आणि वाटीत बोट बुडवून चाखायला लावलं. हरणाबाईंनी जिभेला बोट लावलं आणि तोंड वेडंवाकडं करून बाजूला थुंकल्या. म्हणाल्या, कडू जहर हाय. मुंगीवर एखादीचा विश्वास बसला नसता, पण हरणाबाई म्हणजे सरळ, खरं बोलणारी बाई. त्यांनी स्वतःच्या जिभेने कडू म्हटल्यावर बोलणंच खुंटलं.

मनुआक्काने निकाल दिला. गेल्या शुक्रवारीही अंकिताची मुंगी बुडाली होती, तेव्हाचाच उपाय पुढे चालू ठेवायचा. दूध सकाळ-संध्याकाळ पिळून काढायचं आणि वारुळाला घालायचं. पोरीला अंगावर घ्यायचं नाही. तिला शेळीचं दूध निम्मं पाणी घालून द्यायचं आणि वर चिमूटभर भस्म. भस्माची पुडी पप्पूकडे मिळत होतीच. त्या भस्मात काय आहे असं कुणी विचारलं तर पप्पू म्हणायचा, देवाचं कॅल्शियम.

मी मागे उभी राहून हे पाहत होते आणि माझं डोकं भणभणत होतं.

मी संयोगिता, पेशाने नर्स. सांगलीहून आठवड्यातले बरेच दिवस कवठे महांकाळच्या बाजूला येते आणि गावोगावच्या बाळंतिणींना शिकवते. बाळाचं पोट आईच्या पोटाला टेकवून कसं धरायचं, त्याने नुसतं बोंड न धरता भोवतीचा काळा भाग तोंडात घ्यावा म्हणून काय करायचं, मालिश करताना हात किती हलका ठेवायचा, नाकाकानात तेल का घालायचं नाही, हे सगळं. लोकांना वाटतं, यात शिकवण्यासारखं काय आहे? ते तर गाईम्हशीलाही येतं. गाईम्हशीला येतं, कारण तिच्या वासराभोवती सल्ला द्यायला एवढी माणसं बसलेली नसतात.

अंकिता माझ्या माहेरची, रहिमतपूरची. तिला आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. मुलगी झाली, तिचं नाव प्रांजल ठेवलं. अंकिता माझी गुणी विद्यार्थिनी होती. दोन दिवसांत पोरगी छान ओढायला लागली, वजन चढायला लागलं. हरणाबाईंचा मालिशचा हात तर असा, की मीच त्यांना इतर बायकांपुढे बसवून दाखवायला लावलं होतं. फक्त बाळाची छाती पिळू नका एवढं सांगावं लागलं. त्यांनी तेही ऐकलं होतं.

मग पोरगी संध्याकाळी रडायला लागली. या वयात बरीच बाळं संध्याकाळी रडतात. त्याला आईचं दूध कारण नसतं आणि थोड्या आठवड्यांनी ते आपोआप कमी होतं. पण शेजारणीने वाटीत दूध काढून पाहिलं. ते पातळ, निळसर दिसलं. पाजायच्या सुरुवातीला येणारं दूध तसंच दिसतं, बाळाची तहान भागवतं. शेजारणीला ते कुणी सांगितलं नव्हतं. तिला मनुआक्का माहीत होती.

अंकिता माझ्या वर्गाला दिसेना म्हणून मी त्या दिवशी तिच्या घरी गेले तर दाराला कडी. सगळी माळावर गेल्याचं कळलं म्हणून मी तिकडे आले होते. आता त्यांच्याबरोबर परत घरी गेले आणि पोरीला मांडीवर घेतलं.

गेल्या वेळी पाहिलं तेव्हा तिच्या दंडाला वळ्या होत्या. आता कातडी सैल पडली होती. टाळू आत गेलेली. ओठ कोरडे. लंगोट सकाळपासून ओला झाला नव्हता, उलट जुलाब मात्र चालू होते. ती रडतही नव्हती. आमच्या कामात आम्हाला रडणाऱ्या बाळापेक्षा न रडणाऱ्या बाळाची भीती जास्त वाटते. मी तिथूनच फोन करून दवाखान्याची गाडी बोलावली आणि हरणाबाईंना सांगितलं, हिला आत्ताच्या आत्ता न्यायला हवं आणि आईचं दूध द्यायला हवं. नाहीतर ही पोरगी हातची जाईल.

हरणाबाई उंबऱ्यात आडव्या बसल्या. दवाखान्यात नेलं की तुम्ही परत ते जहर पाजणार, म्हणाल्या. मी समजावलं, मग रागावले, मग आवाज चढवला. माझा आवाज जितका चढला तितका त्यांचा चेहरा दगड होत गेला. सासरे आप्पासो ओट्यावर मान खाली घालून बसले होते. ते मधे पडणारे नव्हते.

"मी चाखलंय, बाई," हरणाबाई म्हणाल्या. "माज्या जिबंनं चाखलंय. तू शिकल्याली हायस, पर तू चाखलं न्हाईस."

त्या खोटं बोलत नव्हत्या. मलाही मनात खटकत होतं ते हेच. मुंगीचं समजू शकते, पण आईचं दूध कडू कसं?

अंकिता कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. तिच्या पोलक्याला दोन्हीकडे ओल आली होती. ती हळूच म्हणाली, "आत्या, तिला एकदा धरू द्या वं." हरणाबाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी अंकिताच्या फोनवरून तिच्या नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. धनाजी तामिळनाडूत गलाईच्या दुकानात असतो. या भागातली कितीतरी पोरं देशभर पांगून जुनं सोनं-चांदी आटवायचं, शुद्ध करायचं काम करतात. धनाजीच्या मागे भट्टी दिसत होती. आईने त्याला सगळं आधीच सांगितलं होतं. तो मला म्हणाला, आईनं सोता चाखलंय, आई खोटं बोलंल व्हय?

"आई खोटं बोलत नाहीत," मी म्हणाले. "ते कडूच होतं. मी वेगळं विचारते. तुमच्याकडं कुणी दागिना आणला, कसोटीच्या दगडावर घासला आणि कस उतरला नाही, तर तुम्ही लगेच दागिना खोटा म्हणता?"

तो म्हणाला, "बहुतेक येळा खोटाच असतोय. पर कवा कवा दगडच खराब असतोय. त्येला तेल लागल्यालं असतंय."

"ते कसं ओळखता?"

"आपल्या म्हायतीतलं चोख सोनं आणून त्याच दगडावर घासायचं. त्ये बी उतरलं न्हाई म्हंजी दगड बाद."

"मग एवढंच तुमच्या आईला सांगा."

त्याला समजायला वेळ लागला नाही. त्याने आईला सांगितलं की आपली पांढरी शेळी पिळ, तिचं दूध अंकिताचं म्हणून आक्काकडं घेऊन जा आणि मुंगी काय करती ते बघ. हरणाबाई आधी चिडल्या. देवाची परीक्षा घ्यायची का, म्हणाल्या. धनाजी म्हणाला, देवाची न्हाई, वाटीची घ्यायची. शेवटी त्या उठल्या, पण माझ्याशी करार करूनच. मुंगी तरंगली तर मी पुन्हा त्यांच्या दारात पाऊल टाकायचं नाही. बुडाली तर पोरगी दवाखान्यात जाणार. मुंगी तरंगणार याची त्यांना खात्री होती. घरातला चहा त्याच दुधाचा होत होता.

शेळी त्यांनी स्वतः पिळली. तांब्याही स्वतः राखेने घासला. मला हात लावू दिला नाही. ते बरंच झालं.

माळ जवळच होता. गर्दी अजून हटली नव्हती. अंकिता पोरीला पदराखाली घेऊन चालत होती आणि मधूनमधून थांबून तिचा श्वास बघत होती. गाडी निघाल्याचा निरोप मला आला होता, पण कच्च्या रस्त्याने यायला तिला वेळ लागणार होता.

या खेपेला मी अगदी पाटाजवळ उभी राहिले आणि फक्त मनुआक्काच्या हातांकडे पाहिलं. तोंडाने ती मुंगीची थोरवी गात होती. मुंगी म्हणजे धरतीची नाडी, मुंगीच्या मिशीत म्हणे अँटेना असतो आणि अमेरिकेत त्यावर संशोधन चाललंय. सगळ्यांचे डोळे मुंगीवर होते. तिचे हात मात्र वाटीवर होते. आधीच्या एका बाईची वाटी तिने कोरड्या पदराने पुसली. ती मुंगी तरंगली. अंकिताच्या सासूने तांब्या पुढे केला तशी तिने बाधा काढायची म्हणून बाजूच्या कळशीतून घोंगडीचा एक ओला तुकडा काढला आणि त्याने वाटी आतून चोळून पुसली. मग दूध ओतलं. मग मुंगी सोडली.

मुंगी बुडाली.

"चोरून पाजलीस न्हवं पोरीला?" मनुआक्का अंकितावर डाफरली. "जहर दुप्पट झालंय. म्हातारे, चाख."

हरणाबाईंनी चाखलं. चेहरा वाकडा झाला, पण या वेळी त्या थुंकल्या नाहीत. वाटीकडे पाहत उभ्या राहिल्या. पप्पू मागून पुडी पुढे करत होता, ती त्यांनी घेतली नाही.

"आक्का," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "ह्ये आमच्या पांढऱ्या शेळीचं दूध हाय. मी सोता पिळून आणलंय."

मनुआक्का मुरलेली होती. तिने डोळे मिटून मान डोलावली आणि शेळीलाही झाडाखालची बाधा लागू शकते, असं सांगून पाहिलं. मागे कुणीतरी हसलं. त्या हसण्याने माझं काम निम्मं केलं.

मी पुढे होऊन ती कळशी उचलली, घोंगडीचा तुकडा आत बुडवून चारदा चोळला आणि वर काढला. हात मनगटापर्यंत फेसाने भरला. मी काही बोलायच्या आत पुढच्या बायका बोलल्या. रिठा. इथली निम्मी घरं पिढ्यान् पिढ्या मेंढरामागची. लोकर आणि घोंगडी रिठ्याने धुवायची त्यांची जुनी रीत. एका म्हातारीने तो तुकडा माझ्या हातातून घेतला, हुंगला, जिभेला लावला आणि तिथेच टाकला. रिठ्याचं पाणी किती कडू लागतं हे त्यांच्यातल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. फक्त ते दुधाच्या वाटीत असेल असं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

मग मी सगळ्यांसमोर दुसरी वाटी राखेने घासली, तीनतीनदा साध्या पाण्याने धुतली आणि तांब्यातलं उरलेलं शेळीचं दूध तीत ओतलं. मुंगी सोडायला एका शाळकरी मुलीच्या आईला सांगितलं. मुंगी तरंगली आणि धडपडत काठाला लागली. त्याच दुधात रिठ्याच्या पाण्याचे थेंब पाडले. दुसरी मुंगी सोडली ती खाली गेली. चाखणारीने सांगितलं, कडू.

मी त्यांना त्यामागचं कारण सांगितलं. पाण्यावर काय किंवा दुधावर काय, वरच्या अंगाला एक ताण असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण मुंगीएवढ्या हलक्या जिवाला तोलून धरतो. साबण, रिठा असलं काही मिसळलं की तो ताण सैल पडतो, मुंगीचं अंग भिजतं आणि ती बुडते. त्यात आईच्या दुधाचा काही दोष नाही. आणि हेही सांगितलं, की मुंगी चांगल्या दुधातही फार वेळ ठेवली तर मरेल, कारण पाय मारून मारून ती थकते. आपण बाळंत होतो ते मुंगीला पाजायला नाही.

हे होईपर्यंत पप्पूची मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. मनुआक्का तिच्यावर मागे बसायला निघाली तेव्हा दोघी-तिघींनी तिला अडवलं. पुढे पोलिसांत तक्रार झाली, जबाब झाले, ते सगळं रीतसर झालं. मला त्या वेळी तिच्यात रस उरला नव्हता.

मी हरणाबाईंच्या तांब्याचं झाकण राखेने घासून, धुऊन घेतलं आणि अंकिताला दिलं. ती वारुळाच्या आडोशाला गेली आणि झाकणात थोडं दूध काढून घेऊन आली. मी ते हरणाबाईंपुढे धरलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सुनेकडे. हात पुढे यायला वेळ लागला. मग त्यांनी झाकणात बोट बुडवून जिभेला लावलं.

"गोड हाय," त्या म्हणाल्या.

अंकिता तिथेच खाली बसली आणि पोरीला तिने अंगावर घेतलं. पोरीत ओढायचं बळ नव्हतं. तिचे ओठ नुसते हलायचे आणि थांबायचे. मी अंकिताला थेंब थेंब पिळून तिच्या ओठांत सोडायला सांगितलं. गाडी आली तेव्हाही तेच चाललं होतं.

दवाखान्यात पहिल्या रात्री डॉक्टरांनी काही सांगायचं टाळलं. सलाईन, रक्त तपासणी, पुन्हा तपासणी. दुसऱ्या दिवशी लंगोट ओला झाला. त्या ओल्या लंगोटाकडे पाहून मी जितकी हसले तितकी कधी कशाला हसले नसेन. अंकिताचं दूध आटलं नव्हतं. वारुळाला घालायला म्हणून ती दोन्ही वेळा पिळत होती, म्हणून ते टिकलं होतं. आम्ही पोरीला तिच्या उघड्या छातीवर ठेवलं आणि दिवसातून कितीदा तरी पाजायला लावलं. पोरीने एकदा नीट तोंड उघडून पकडलं आणि तिच्या गिळण्याचा आवाज आला. हा आवाज ओळखायला मी सगळ्यांना शिकवते.

हरणाबाई खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसून होत्या. माळावरून आल्यापासून त्या फारसं बोलल्या नव्हत्या. मला वाटलं, लाज वाटत असेल. सुनेची माफी मागायची असेल आणि शब्द सापडत नसतील. मी त्यांना म्हणाले, जाऊ द्या, तुम्हाला फसवलं होतं, तुमचा दोष नाही.

"धनाजीच्या आदी मला एक ल्येक झाली हुती," त्या म्हणाल्या.

मी हातातलं काम ठेवलं. अंकिताने मान वर केली. तिलाही हे ठाऊक नव्हतं.

तेव्हा त्यांचं दूधही वाटीत घेऊन माळावर नेलं होतं, असं त्यांनी सांगितलं. तेव्हा मनुआक्काची सासू बसायची. मुंगी बुडाली. दूध लय यायचं, पदर भिजून जायचा, रात्री दुखून झोप लागायची नाही. त्या बांधावर जाऊन पिळून टाकायच्या. पोरीला शेळीच्या दुधाचं पाणी पाजायच्या. पोरगी त्यांच्या पदराला तोंड लावायची, तेव्हा त्या तिचं तोंड बाजूला करायच्या, कारण तिला जहर जाऊ नये. अशीच सुकत गेली. धनाजीच्या वेळी मुंगी तरंगली. म्हणून देव पावला असं समजून इतकी वर्षं त्या दर साली वारुळाला नैवेद्य दाखवत आल्या.

आता मला कळलं, उंबऱ्यात त्या तशा का बसल्या होत्या. मुंगी खोटी ठरली तर त्यांची लेक उगाच गेली होती.

"तवा मला चाखायला कुनी सांगितलं न्हाई, बाई," त्या म्हणाल्या. "मला बी सुचलं न्हाई. माजं बी गोडच असंल न्हवं?"

मला क्षणभर वाटलं, सांगावं की कोण जाणे, आता इतक्या वर्षांनी काय सांगता येणार. त्यांना ते सोपं गेलं असतं. पण माळावर मी खरं तेच सांगितलं होतं, इथे ते सोडून चालणार नव्हतं.

"गोडच होतं, मावशी," मी म्हणाले. "आणि चांगलं होतं."

त्यांनी मान हलवली. मग पदराने तोंड झाकून घेतलं आणि त्या रडल्या. प्रांजल दूध पीत होती. तिला थांबवायचं कुणाच्या मनात आलं नाही.

मी रागीट बाई आहे, पण हरणाबाईंच्या उंबऱ्यापुढे माझ्या रागाचा काही उपयोग झाला नव्हता. आता माझ्या वर्गात मी मालिशच्या आधी, पाजण्याच्याही आधी, एकच गोष्ट सांगते. कुणी तुमच्या दुधाची, तुमच्या बाळाची, तुमच्या नशिबाची परीक्षा घ्यायला आलं, तर घाबरू नका. आधी त्याची वाटी तपासा. तुम्हाला ठाऊक असलेलं चांगलं दूध तीत ओतून बघा. आणि एखादी म्हणाली की हिच्या दुधात विष आहे, तर ते त्याच दिवशी स्वच्छ चमच्यात घ्या आणि आधी त्या बाळाच्या आईला स्वतः चाखू द्या.